१/२४ मध्ये मारुती ८००चं छोटं मॉडेल हातानं करायचं आहे, आणि पावसात मारलेला रंग पांढरट पडलाय

खानापूरकर_८००

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचालोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलो. एक व्हायचं काम आहे आणि एक झालेला घोळ आहे, दोन्ही सांगतो.

काम असं की बाबांची मारुती ८०० होती. १९९४चं मॉडेल, पांढरी, २००१ला सेकंडहँड घेतलेली. बाबा शाळेत मास्तर. बेळगावला जायचं तर ती, चोर्ला घाटातनं गोव्याला तीच, आजीला मध्यरात्री दवाखान्यात नेली ती तिच्यातनंच आणि आत्याची पाठवणी पण तिच्यातनंच झाली. २०११ला विकली. गिऱ्हाईक गाडी बाहेर काढत होतं तेव्हा बाबा गेटपर्यंत आले नाहीत, आत जाऊन रेडिओ लावून बसले, ते माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. येत्या फेब्रुवारीत बाबांची साठी शांत आहे, त्या दिवशी ती गाडी १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी छोटी करून, त्यांच्या हातात द्यायची आहे. मला पाहिजे त्या मॉडेलचं किट, म्हणजे जोडायचे प्लास्टिकचे सुटे भाग, कुठं मिळालं नाही म्हणून हातानंच करणार.

आता घोळ. हात बसावा म्हणून आधी टॅमिया या जपानी कंपनीचं एक १/२४चं किट मागवून केलं. जोडणी मस्त झाली. रंग मारायला मात्र थांबवलं नाही, गेल्या आठवड्यात इकडं झड लागलीय तुम्हाला माहितीच आहे, तरी पडवीत बसून लाल मारला, वर चमकीचा बिनरंगी क्लिअर मारला आणि दहा मिनिटात टपावर दुधाची साय धरल्यागत पांढरट आलं. घाबरून फडक्यावर थिनर घेतला, दुकानात गाडीच्या रंगाचा म्हणून दिलेला, आणि पुसायला गेलो तर रंग निघाला तो निघाला, खालचं प्लास्टिकच मऊ पडलं आणि माझ्या अंगठ्याचा ठसा टपावर उठला. रेघा मोजता येतील इतका स्वच्छ ठसा.

तर हे टप वाचेल काय, पावसात रंग मारायचाच नाही काय, आणि ८००ची बॉडी सुरू कुठनं करू, एवढं सांगा. माझ्याकडं कटर, फाइल्स, वॉटर पेपर, एक छोटी हँड ड्रिल एवढंच सामान आहे.

निपाणी_पेंटर

भावा पहिल्यांदा ते किट उचल आणि कपाटावर ठेव, निदान दोन आठवडे हात लावू नको. थिनर आत मुरलेलं प्लास्टिक वरनं कडक लागतं पण आतनं मऊ असतंय, आता घासलास तर रबरासारखं ओढून येणार.

मी खऱ्या गाड्या रंगवतो, वीस वर्षं झाली, मॉडेल चार वर्षं करालोय. हे पांढरट येतं त्याला ब्लशिंग म्हणतात आणि आमच्या भागात जून ते सप्टेंबर हे ठरलेलंच. थिनर भरकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत ओलावा भरलेला असला की त्या गार जागेवर दव धरतंय, पहाटे गाडीच्या काचेवर धरतंय तसंच. ते पाणी रंगाच्या थरात अडकलं की साय. म्हणजे रंग खराब नव्हता, तुझा हात पण खराब नव्हता, दिवस चुकला. अशा वेळी पुसायचं नाही. एक तर कोरड्या दिवसाची वाट बघायची आणि वरनं क्लिअरचाच एक हलका ओला हात द्यायचा, खालचा थर परत थोडा विरघळतो आणि अडकलेलं पाणी बाहेर जातं, पुष्कळदा साय आपोआप निघते. नाहीतर सावकाश उडणारा थिनर मिळतो, रिटार्डर म्हणून मागायचा, तो थोडा मिसळून मारायचा, पण हे रंग आपण भरायचा एअरब्रश असेल तरच, बंद स्प्रे कॅनमध्ये काय घालणार.

दुकानातनं आणलास तो एनसी थिनर असणार. धातूच्या पत्र्याला तो चालतो, किटचं प्लास्टिक पॉलीस्टायरीनचं असतंय, त्याला तो खातो. नेलपॉलिश रिमूव्हर पण तसाच, अ‍ॅसिटोन असतं त्यात. किटवरनं रंग काढायचा तर आधी आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून बघ, नाही निघाला तर ब्रेक ऑइल. होय, गाडीत घालतो तेच. डब्यात घालून झाकण लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायचं, साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवायचं. हातमोजे घाल, डोळ्याला लागू देऊ नको, आणि आधी आतल्या न दिसणाऱ्या तुकड्यावर करून बघ.

दोन आठवड्यांनी टप कडक झालं की ठशावर पुट्टी, एकदम जाड नाही, पातळ दोन हात, मधे एक दिवस. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, ६००, १०००, आणि पेपर बोटावर धरायचा नाही, खोडरबरावर गुंडाळून धरायचा, बोटानं घासलं की खळगा पडतो. वरनं ग्रे प्रायमर मारलास की राहिलेली प्रत्येक रेघ दिसणार. दिसली की परत पुट्टी. कंटाळायचं नाही.

पावसात मारायचाच असला तर मी काय करतो सांगतो. मोठा पुठ्ठ्याचा खोका, आत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, अर्धा तास आधी लावून ठेवायचा, मॉडेल आत ठेवून कोमट करायचं. रंगाचा कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं, उकळत्या पाण्यात चुकून पण नाही, फुटतो. मग बल्ब विझवून, प्लग काढून, खोका बाजूला ठेवून मोकळ्या हवेत मारायचं, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरनं पातळ हात, आणि वास गेल्यावर परत खोक्यात. पेटता बल्ब आणि स्प्रे एकत्र कधी आणू नको, भडका उडेल. पण ८०० पांढरी आहे नव्हं, तिला पावसात हात लावू नको. पांढऱ्यात सगळं दिसतं. दिवाळी झाल्यावर कोरडा वारा सुटतो तेव्हा मार.

कॅम्प_डायकास्ट

मी १/६४वाला, म्हणजे धातूच्या बारक्या गाड्यांवाला, किट करत नाही, पण रंगाच्या सरावासाठी माझा सल्ला आहे की एवढ्या महागाच्या किटवर शिकू नकोस. हॉट व्हील्सची साधी गाडी घे. खालच्या बेसला दोन रिव्हेट असतात, ३ मिलिमीटरच्या ड्रिलनं डोकं उडवलं की बॉडी, काचा, सीट सगळं सुटं होतं. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तिला पेंट रिमूव्हर लावला तरी काही होत नाही, फक्त काचा आणि प्लास्टिकचा बेस आधी बाजूला काढ. एका गाडीवर दहा वेळा रंग मार आणि दहा वेळा काढ. मी तसाच शिकलो.

८००चं म्हणशील तर खरं सांगतो, फेब्रुवारी लांब नाही. थ्रीडी प्रिंट करून घे ना सरळ, फाइल कुणाकडून तरी बनवून घे. बाबांना गाडी बघून आनंद होणारच आहे, ती हातानं कोरली की मशीननं छापली यानं त्यांना काय फरक पडतोय.

उद्यमबाग_पॅटर्न

फरक पडतो. त्यांना नाही पडला तरी ह्याला पडेल, नाहीतर तो इथं विचारायला आला नसता. आणि प्रिंट आणली तरी थरांच्या रेघा घासून काढायच्याच आहेत, फाइल बनवायला मापं लागणारच आहेत, म्हणजे निम्मं काम तेच.

खानापूरकर बाळा, मी उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं ओतायचा साचा काढतात तो नमुना, करतो, तीस वर्षं होत आली. पंपाचं केसिंग असो नाहीतर ८०० असो, लाकडाला काही कळत नाही, माप बरोबर तर वस्तू बरोबर. तुझ्याकडं आहे तेवढ्या सामानात होतं, वेळ मात्र दे.

सुरुवात लाकडानं करू नको, गाडीनं कर. तुझ्या आसपास अजून एखादी ८०० फिरत असेल, मालकाला विचारून एक दिवस माग. पण आधी साल बघ. १९८३ला आली ती ८०० वेगळी, १९८६ला बॉडी बदलली ती वेगळी, तुझी १९९४ची म्हणजे बदललेली. पुढचे दिवे, जाळी, बंपर नंतरही बदलत गेलेत तेव्हा घरातले जुने फोटो शेजारी ठेवूनच मापं घे. कागदावर लांबी ३३३५, रुंदी १४४०, उंची १४०५ आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर, २१७५ मिलिमीटर. चोविसानं भागलंस की लांबी १३९, रुंदी ६०, उंची साडेअठ्ठावन्न, व्हीलबेस ९०.६. पण कागदावर विसंबू नको, टेप लावून बघ. टायरवर १४५/७० आर १२ लिहिलेलं असलं तर त्याचं पण गणित बसतं, रिम १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर आणि वर-खाली टायरची भिंत १४५च्या सत्तर टक्के, दोन्ही मिळून २०३, बेरीज ५०८. मॉडेलला २१ मिलिमीटरचं चाक. लोक इथंच चुकतात, हाताशी असलेलं मोठं चाक बसवतात आणि मग गाडी ८०० दिसत नाही, का दिसत नाही ते कळत पण नाही.

फोटो जवळनं काढायचा नाही. जवळनं काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो. मोकळ्या मैदानावर गाडी लाव, वीस मीटर मागं जा, झूम करून काढ, कॅमेरा गाडीच्या कमरेच्या उंचीवर. बाजूनं, समोरनं, मागनं. वरनं मिळाला तर सोनं, कुणाच्या तरी गच्चीवर चढ. प्रिंट मारताना दोन चाकांच्या मध्यातलं अंतर ९०.६ येईल असा फोटो लहान-मोठा कर, आणि मग पूर्ण लांबी मोज. १३९च्या आसपास आली तर फोटो सरळ आहे, नाही आली तर तिरका काढलायस, परत जा.

लाकूड सागवान घे, जुन्या चौकटीचा तुकडा मिळाला तर उत्तम, तो पुरता वाळलेला असतो. खानापुरात तुला लाकूड काय कमी. आता आमच्या धंद्यातली एक युक्ती. एक ठोकळा घेऊ नको, दोन घे, प्रत्येकी तीस-बत्तीस मिलिमीटर जाड, आणि मधे वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही फेविकॉलनं चिकटव. तो कागद म्हणजे गाडीची मधली रेघ. कितीही तासलास तरी ती रेघ जात नाही, प्रत्येक माप तिच्यापासनं घ्यायचं, डावी बाजू उजवीपेक्षा जाड झाली की लगेच कळतं. आणि पटाशी घालून टोला दिलास की कागदावर दोन भाग सुटतात, आतनं काही करायचं राहिलं तर करता येतं.

आधी बाजूचा आकार पूर्ण कापायचा, मग वरचा. गोलाई सगळ्यात शेवटी. नवीन पोरं आमच्याकडं येतात ती पहिल्या दिवसापासनं कोपरे गोल करायला घेतात आणि मग काय करायचं होतं तेच हरवून बसतात. पुठ्ठ्याचे गेज, म्हणजे त्या त्या जागेच्या आडव्या आकाराचे नमुने, काप, बॉनेटच्या मधोमध एक, पुढच्या काचेच्या खाली एक, मधल्या खांबावर एक, डिकीवर एक. गेज लाकडावर उभा धरून उजेडाकडं बघायचं, फटीतनं उजेड आला तिथं खळगा आहे. ८०० लोकांना चौकोनी डबा वाटते, ती तशी नाही. दाराचा पत्रा खाली जाताना हलका आत वळतो, टप मधोमध थोडं वर आहे. ते दोन वळण पकडलेस की कुणीही लांबनं ओळखेल.

लाकूड झालं की सँडिंग सीलरचे चार हात, मधे घासून. मग सिलिकॉन रबराचा साचा, त्यात रेझिन म्हणजे पातळ असतं आणि मग कडक होतं ते प्लास्टिक घालून बॉडी काढायची. आमच्याकडं बीड (कास्ट आयर्न) ओतायचं असलं तर थंड होताना ते आखडतं म्हणून पॅटर्न मीटरला १० मिलिमीटर मोठा करतो, तुला त्याची गरज नाही, १३९ मिलिमीटरात रेझिनचं आखडणं डोळ्याला दिसणार नाही. सिलिकॉन सिलिकॉनलाच चिकटतं हे मात्र लक्षात ठेव, दोन भागांचा साचा केलास तर मधे व्हॅसलिन लावायला विसरलास तर सगळं एक होऊन बसेल. आतनं पोकळ बॉडी पाहिजे तर साच्यात रेझिन ब्रशनं लावायचं, त्यावर बारीक फायबर टिश्यू, परत रेझिन, असे दोन-तीन थर, दीड-दोन मिलिमीटर जाडी झाली की बास.

आणि निपाणीकर म्हणाले तो ओलावा इथं पण आहे. पॉलीयुरेथेन रेझिन पावसाळ्यात उघडू नको, ओलावा लागला की फेसाळतं, बॉडी पावासारखी जाळीदार निघेल. इपॉक्सीला तेवढा त्रास नाही. साच्याचं काम जमत नसेल तर गणपती झाल्यावर एखाद्या मूर्तिकाराकडं जाऊन बस, रबरी साचा करण्यात त्या लोकांचा हात बसलेला असतो, आत्ता मात्र त्यांना विचारू नको, जेवायला वेळ नसतो त्यांना.

खानापूरकर_८००

काका, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि रविवारी गाडी शोधायलाच गेलो. स्टेशनच्या बाजूला एक रिटायर्ड अंकल आहेत, कन्नड बोलणारे, त्यांच्याकडं १९९६ची आहे. टेप घेऊन गाडीभोवती फिरालोय बघून बाहेर आले, याकप्पा, म्हणजे का रे बाबा, म्हणाले, मी कारण सांगितलं तर स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले, दोन तास. मापं तुमच्या आकड्यांशी जुळली, लांबीत एका बोटाचा फरक आला पण माझाच टेप बंपरच्या गोलाईवर घसरत होता, परत घेणार आहे.

एक गोष्ट मला आजपर्यंत माहीतच नव्हती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, पंधरा वर्षांनी, आणि स्टीअरिंग गुडघ्याच्या इतकं जवळ होतं. बाबा माझ्यापेक्षा उंच आहेत. ते एवढी वर्षं पाय दुमडून चालवत होते.

आतलं पण करणार. डॅशबोर्डवर छोटा गणपती होता, मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद असा लाल स्टिकर, आणि मागच्या डाव्या दाराला घराच्या गेटचा पोचा होता तो बाबांनी कधी काढला नाही. पोचा करावा काय नको हे ठरत नाही. आणि नंबरप्लेट एवढी बारीक कशी करायची? आत्याच्या लग्नाच्या फोटोत काळी पाटी दिसते, नंतरच्या फोटोत पांढरी आहे.

शहापूर_डिकल

नंबरप्लेटचं मी सांगते, माझं प्रिंटिंगचं काम आहे आणि मॉडेलवाल्यांची डिकल, म्हणजे मॉडेलवर लावायची बारीक स्टिकरं, मीच काढून देते.

पूर्वी खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं होती, नंतर नियम बदलून पांढऱ्यावर काळी झाली, म्हणून तुमचे दोन्ही फोटो बरोबर आहेत. बाबांना जी गाडी जास्त आठवते ती लावा, माझं मत काळीच, ती बघितली की काळ कळतो. नियमातलं मोठं माप ५०० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे तुमच्याकडं २१ बाय ५. दोन ओळींची ३४० बाय २००, ती होईल १४ बाय ८. अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, तुम्हाला २.७. जुन्या पाट्या पेंटर हातानं रंगवायचे त्यामुळे अक्षरं सगळी सारखी नसायची, फोटो मोठा करून त्याच वळणाची अक्षरं काढा, कॉम्प्युटरचा फॉन्ट टाकलात की ती नवी पाटी वाटेल. केए २२ मधला दोन कसा काढलाय तेवढं नीट बघा, प्रत्येक पेंटरचा दोन वेगळा.

प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून काळी पाटी उलटी छापायची, भोवतीचं काळं छापायचं आणि अक्षराची जागा कोरी सोडायची, कागदाचा पांढरा तोच अक्षराचा पांढरा. साधा जाड गुळगुळीत कागद आणि लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई पाण्यानं किंवा क्लिअरनं पसरते. कापल्यावर कागदाची कड पांढरी दिसते, तिच्यावर काळा मार्कर फिरवा. मागच्या काचेच्या लाल स्टिकरसाठी वॉटरस्लाइड डिकल, पाण्यात भिजवून सरकवत चिकटवतात ती, लागेल, त्याचा फोटो पाठवा, मी काढून देते, पैसे नकोत.

काचेला ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, चालते. मागच्या लाल दिव्यांना ग्लास पेंट, चांदीच्या कागदावर मारला तर आतनं चमक येते.

आणि पोचा करा हो. तो नसला तर ती कुठलीही ८०० आहे.

कॅम्प_डायकास्ट

माझं थ्रीडी प्रिंटचं मागं घेतो. चाकांचं मात्र माझ्यावर सोड. २१ मिलिमीटरचे रबरी टायर माझ्या सुट्या सामानात आहेत, जुन्या मोडक्या १/२४ गाड्यांचे, चारही एकसारखे निघतात काय बघतो. रिम तुला करावे लागतील, ८००चा साधा पत्र्याचा रिम आणि मधे ती काळी टोपी, ते मिळणार नाही कुठं.

उद्यमबाग_पॅटर्न

पोचा लाकडात करू नको. साच्यातनं बॉडी निघाली की दाराच्या जागेवर आतनं थोडं घासून पातळ कर, हेअर ड्रायरनं कोमट कर आणि चमच्याच्या पाठीनं बाहेरनं दाब. इपॉक्सी कोमट असताना दबतं. कोरून केलेला पोचा कोरलेला दिसतो, दाबून केलेला पोचा दिसतो. एक बॉडी जादा काढून ठेव, पहिली मोडली तर.

निपाणी_पेंटर

रंगाचं परत सांगतो, ग्रे प्रायमरवर सरळ पांढरा मारू नको, झाकायला सात हात लागतील आणि दारांच्या रेघा बुजतील. ग्रे मारून चुका काढ, मग पांढरा प्रायमर, मग पांढरा रंग पातळ तीन हात. आणि एकदम दुधासारखा पांढरा घेऊ नको, १९९४चा पांढरा बाबांनी विकला तोवर पिवळट झालेला असणार. अंकलच्या गाडीचा डिकीच्या आतला आणि टपावरचा रंग शेजारी धरून बघ, त्या दोघांच्या मधला घे. नोव्हेंबरात एखादा रविवार निपाणीला ये, माझ्या गॅरेजच्या बूथमध्ये मारू. कॉम्प्रेसर आहे, धूळ नाही. रंग तू मारायचा, मी बाजूला उभा राहतो.

खानापूरकर_८००

नोव्हेंबर पक्का, पेंटरदादा. ताई, स्टिकरचा फोटो रात्री पाठवतो, आईनं अल्बम काढून ठेवलाय, तिला सांगावंच लागलं, बाबांना अजून कळलेलं नाही.

लाकूड मिळालं. आमच्याच जुन्या गोठ्याच्या दाराची चौकट होती, माडीवर पडलेली, सुतारानं कापून दोन ठोकळे करून दिले. मधे कागद घालून चिकटवलेत, वर पाटा ठेवलाय. काका, फेविकॉल ह्या हवेत वाळायला किती दिवस धरू? आणि बाजूचा आकार कापायला कोपिंग सॉ पुरेल की तुमच्याकडं बँड सॉवर आणू?

उद्यमबाग_पॅटर्न

दोन दिवस पाट्याखाली ठेव. घेऊन ये. बाजूचा आकार बँड सॉवर दहा मिनिटांचं काम, पुढचं सगळं तू घरी कर. शनिवारी दुपारी तीननंतर, आणि फोटोची प्रिंट विसरू नको.